डाव्या बैलाचा दगड

मी हे लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि शाळेतलं माझं मराठी पाचवीपर्यंतचंच. पुढे सगळं तेलुगूत झालं. घरी आम्ही जी मराठी बोलतो ती मला पुस्तकात फारशी सापडली नाही. म्हणून लिहिताना दर ओळीला वाटतं, हे असंच म्हणतात ना? दुसरी अडचण अशी की ही गोष्ट खरं तर माझी नाही, माझ्या काकांची आहे. त्यांना लिहिता येतं, पण ते लिहिणार नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "लिही ना. फक्त मले त्याच्यात शाना करू नको." तेवढं पाळायचा प्रयत्न करतो.

आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडं आहे, आदिलाबाद जिल्ह्यात. नदी ओलांडली की महाराष्ट्र, आणि तिकडं वाघांसाठी राखलेलं जंगल. इकडं दक्षिणेला बरंच आत गेलं की आमच्या राज्याचं मोठं जंगल, तेही राखलेलं. मधे आम्ही. कापसाची काळी शेतं, थोडी ज्वारी, आणि गावामागं विरळ सागाची एक लांबट टेकडी. वाघाला एका जंगलातून दुसऱ्यात जायचं असेल तर या टेकडीवरून जाणं त्याला सोयीचं पडतं. मला हे कॉलेजात नकाशा बघताना कळलं. गावात ते वेगळं सांगावं लागत नाही. कधी तरी पायाचे ठसे दिसतात, माणसं काही दिवस टेकडीकडे फिरकत नाहीत, मग पुन्हा जाऊ लागतात.

टेकडीच्या एका अंगाला गिट्टीची, म्हणजे खडीची, खदान आहे. बाबा तिथं क्रशरवर काम करतात. तरुणपणी त्यांना बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत लागायचं होतं, क्वार्टर मिळतं, दवाखाना मिळतो म्हणून. ते जमलं नाही. कोळसा राहिला आणि दगड नशिबी आला, असं ते स्वतःच सांगतात, हसत नाहीत. माझा मोठा भाऊ, दादा, राखीव जंगलाच्या गेटाजवळच्या एका रिसॉर्टची जीप चालवतो. पाहुण्यांना धबधब्यावर नेतो, सकाळी जंगलात फिरवून आणतो. त्याला हिरवट रंगाचा शर्ट घालावा लागतो. आई तो वेगळा धुते, रंग जातो म्हणून. आणि मी मागच्या उन्हाळ्यात सुट्टीपुरता वनखात्यात रोजंदारीवर लागलो होतो. आमच्या बीटच्या, म्हणजे आमच्या भागातल्या जंगलाच्या, वनरक्षक मॅडम दूरच्या जिल्ह्यातल्या, त्यांना मराठी येत नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यांना तेलुगू येत नव्हतं. मी मधे उभा राहून इकडचं तिकडं सांगायचो.

म्हणजे एकाच घरात दगड फोडणारा एक, वाघ दाखवणारा एक आणि वाघ राखणारा एक. आई म्हणायची, "तिघं तीन पार्टीचे. चूल मात्र एकच, आन् ते माही."

काकांचं दार आमच्या दाराला लागून. घरची जमीन तेच करत. त्यांच्याकडे बैलजोडी होती. नावाजलेली वगैरे नव्हती. साधी, वयानं उतरलेली जोडी. जुवाला ज्या बाजूला जुंपायचे त्यावरून आम्ही बैलांना उजवा आणि डावा म्हणायचो. गावात ट्रॅक्टर फिरू लागल्यापासून जोडी ठेवणारे थोडेच उरले होते. काकू अधूनमधून म्हणायची, विकून टाका. काका म्हणायचे, "विकले तर कुठं जातीन ते तुले माहीत हाय."

उन्हाळ्यात आमचा नाला आटतो. पाणी राहतं ते एकाच ठिकाणी, खदानीच्या जुन्या खड्ड्यात. तिथला दगड काढून संपला तेव्हा कोणी तो बुजवला नाही, आणि आता तोच आमचा तलाव आहे. हिरवट, थंड पाणी. गावची गुरं तिथं पाण्यावर जातात. मोर, माकडं, रानडुकरं येतात. मागच्या उन्हाळ्यात वाघीण आली.

मॅडमनी खड्ड्याजवळच्या सागाला कॅमेरा बांधला होता. त्यात ती दिसली तेव्हा मला खरं तर आनंद झाला होता, हे सांगायला आता थोडं अवघडल्यासारखं होतं. मॅडम म्हणाल्या, नदीपलीकडून आलेली दिसते. आणि नदीत पाणी चढायच्या आधी ती परत गेली तर बरं, कारण पुढं दक्षिणेला जायचं तर मधे मोठा रस्ता आहे, गावं आहेत, आणि रानडुकरांसाठी शेतात लावलेल्या विजेच्या तारा आहेत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत उजवा बैल गेला. खड्ड्याच्या वरच्या उतारावर, भर सकाळी.

इथं आमच्याकडची एक पद्धत सांगावी लागेल. कामाचा बैल मेला की त्याला ओढत नेऊन टाकत नाहीत. त्याला धुतात, कपाळाला हळदकुंकू लावतात, अंगावर नवं पांढरं कापड घालतात आणि आपल्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खड्डा करून, वर मीठ घालून पुरतात. तोवर घरात चूल पेटत नाही. नंतर वर एक दगड ठेवतात आणि त्याला शेंदूर लावतात. पोळ्याला गोठ्यातल्या बैलांच्या आधी त्या दगडाला नैवेद्य जातो. काकांच्या धुऱ्यावर असे तीन-चार दगड आहेत, आजोबांच्या वेळेपासूनचे.

मी आणि मॅडम पोचेपर्यंत उजव्याची माती झालेली होती. काका आणि गडीमाणसं अंग धुवायला नाल्याकडे, मग आठवलं की नाल्यात पाणी नाही, म्हणून घराकडे निघाली होती. मॅडम चिडल्या नाहीत. धुऱ्यावर बसून त्या बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, सांग त्यांना, मेलेलं जनावर हलवायचं नसतं. जागेवर पंचनामा व्हावा लागतो, तरच सरकारकडून मुआवजा मिळतो. आणि ते सोडून दे. वाघीण मारते ती एकदम सगळं खात नाही. ती परत येते. आता ती परत येईल आणि जागा रिकामी असेल. मग ती दुसरं मारेल.

मी तसं सांगितलं. काका ऐकून घेऊन म्हणाले, "मंग काय तिच्यासाठी ताट वाढून ठेवू?"

सगळे हसले. मॅडमनी मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. त्याही थोडं हसल्या, पण त्या हसण्यात दम नव्हता.

ती परत आलीच. दुसऱ्या दिवशी उतारावर ठसे होते. जिथं बैल पडला होता त्या जागेभोवती फिरून गेलेले. आणि मग काही दिवसांनी आखरावर, म्हणजे गावाच्या कडेला सकाळी गुरं गोळा होतात त्या मोकळ्या जागेत, तिनं एक कालवड धरली. माणसं डबे वाजवत, फटाके लावत धावली. ती कालवड टाकून गेली. कालवड मेली, आणि वाघीण पुन्हा उपाशी. त्या दिवसापासून गावात औषधाची बोलणी सुरू झाली. कापसाच्या गावात औषध शोधावं लागत नाही. प्रत्येकाच्या घरात कोपऱ्यात फवारणीचा डबा असतोच. मेलेल्या जनावरावर ओतलं की झालं, आणि कोणी ओतलं ते कोणाला कळत नाही.

वाघीण आहे तोवर वनखात्यानं खदानीला सुरुंग लावायला मनाई केली. सुरुंग नाही तर दगड नाही, दगड नाही तर क्रशर बंद. बाबा घरी बसले. त्यांना घरी बसता येत नाही. ते अंगणात उभे राहून टेकडीकडे बघत राहायचे, जशी काही तीच कामावर आली नाही.

संध्याकाळी जेवायला सगळे एकत्र असलो की असं चालायचं.

"तुह्या वाघिणीनं माहं काम बंद पाडलं," बाबा मला म्हणायचे.

"माझी नाही ती, बाबा."

"मंग माही समजा," दादा म्हणायचा. "तिकडं गेटात पाव्हण्यायले मोर दाखवून दाखवून मी थकलो. मालक विचारून राह्यला, तुह्या गावात दिसते म्हणे, तिथं तं गेट बी नाही आन् पास बी नाही."

"इकडं आणू नको कोणाले."

"मी नाही आणलं तर दुसरा आणीन, बाबा. मंग त्याच्या जीपीत चारजण बसतीन आन् माही उभी राहीन."

"आन् सायेब काय म्हणते?" मी खात्यात लागल्यापासून मला घरात सायेब म्हणायचे. आई म्हणायची, "आधी भाजी घ्या. ते काही तुमच्या ताटात येऊन बसत नाही."

खरं सांगायचं तर मला काही सुचत नव्हतं. त्या वर्षी कॉलेजात आम्हाला निबंध होता: उद्योग, वन्यजीव आणि पर्यटन यांचा समतोल. मी चार पानं लिहिली होती आणि सरांनी ती वर्गात वाचून दाखवली होती. तीच चार पानं मी घरी दादाला वाचायला दिली असती तर त्यानं विचारलं असतं, याच्यात माही जीप कुठं हाय? बाबांनी काही विचारलं नसतं. माझ्या निबंधात सगळ्यांनी थोडं थोडं सोडायचं होतं. थोडं म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

डावा बैल जोडीदार गेल्यापासून नीट खात नव्हता. काका त्याला गुराख्याबरोबर पाठवत नसत, स्वतः घेऊन जात. पण पाण्याला जायचं तर खड्ड्यावरच. एका सकाळी ते दगडावर बसून तंबाखू मळत होते आणि बैल पाण्यात तोंड घालून उभा होता. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की काही आवाज झाला नाही. वर बघितलं तर बैल खाली होता. ते ओरडले, दगड मारले. ती झुडपात सरली आणि तिथूनच बघत राहिली. तीही थकलेली होती, असं काका म्हणाले. फासळ्या दिसत होत्या.

मॅडम आणि मी मोटारसायकलवर पोचलो तेव्हा तिथं अर्धं गाव होतं. टिकाव-फावडी आलेली होती. काकूनं हळदीची वाटी आणली होती आणि काकांच्या खांद्यावर नव्या कापडाची घडी होती. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. काय सांगायचं ते त्यांना वेगळं बोलावं लागलं नाही.

मी काकांजवळ गेलो. म्हणालो, "काका, याला हलवायचं नाही."

मागून एकजण म्हणाला, "बरं हाय. नका हलवू. आमी पाहतो मंग. घरून डबा आणाले किती वेळ लागते."

दोघे-तिघे हो म्हणाले. एक म्हातारा मला म्हणाला, "सायेब, तू तुह्या घरचा की सरकारचा, ते एकदा ठरव."

मला वाटतं मी जमिनीकडे बघत होतो. मॅडम मला तेलुगूत सांगत राहिल्या आणि मी तेच मराठीत काकांना सांगत राहिलो. ती उपाशी आहे. दोनदा मारून तिला खायला मिळालेलं नाही. इथं तिला पोटभर मिळालं, कोणी त्रास दिला नाही, तर ती बहुतेक नदीकडे निघेल. नदीत अजून पाणी नाही. आम्ही इथंच बसून राहू, कोणाला जवळ येऊ देणार नाही.

"बहुतेक?" काकांनी विचारलं.

"हो. बहुतेकच. मॅडम म्हणतात, त्यांना याहून जास्त सांगता येत नाही."

काकांनी बैलाकडे बघितलं. मग डब्याचं बोलणाऱ्याकडे वळून ते म्हणाले, "माह्या बैलात औषध नाही टाकायचं. कोणीच नाही. जनमभर माहं खाल्लं त्यानं, मेल्यावर त्याले जहर चारू काय?"

"मंग पुरता काऊन नाही?"

"ते म्हणून राह्यले ना, नका पुरू."

"आन् तुमी ऐकता?"

"ऐकतो तर ऐकतो. बैल माहा हाय का तुहा?"

मग ते खाली बसले आणि बैलाच्या कपाळाला हळद लावली. मॅडमनी मला हळूच सांगितलं, अंगावर कापड घालायचं नाही, माणसाचा वास राहतो, ती जवळ येणार नाही. हे सांगणं मला सगळ्यात जड गेलं. काकांनी ऐकलं. कापडाची घडी उघडलीच नाही, तशीच काकूच्या हातात दिली. मला म्हणाले, "मले एकच सांगजो. ते पलीकडं गेली का नाही, तेवढं. दुसरं मले काही नको."

मी म्हणालो, सांगतो.

त्या दिवशी काकांच्या घरात चूल पेटवायची की नाही हा प्रश्न कोणालाच सोडवता आला नाही. पुरेपर्यंत पेटवायची नाही, आणि पुरायचं तर नव्हतंच. शेवटी आमच्या घरून दोन्ही घरांच्या भाकरी झाल्या. काका जेवले नाहीत.

आम्ही क्रशरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलो. तिथून खड्ड्याचा काठ दिसतो. बाबा चहा घेऊन आले आणि तिथंच बसले. ज्या शेडमध्ये ते एवढी वर्षं कानावर फडकं बांधून काम करायचे ती शेड इतकी शांत त्यांनी कधी बघितली नव्हती. थोड्या वेळानं मला म्हणाले, "इथं पाखरं बी बोलतात, मले माहीत नव्हतं." आणि लगेच, "पण आवाज पाहिजे. आवाज नसला तर घरी काही येत नाही." दुपार कलल्यावर ती आली. खाल्लं. मी दुर्बिणीतून थोडं बघितलं आणि दुर्बीण मॅडमना परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खदानीच्या रस्त्यावर जीपा आल्या. पहिली दादाची होती.

मी धावतच खाली गेलो. जीपमध्ये हैदराबादचं एक कुटुंब होतं, एक म्हातारे गृहस्थ, मुलं, मोठ्या भिंगाचे कॅमेरे. माणसं चांगली होती. मला बिस्किटं देऊ केली. मी दादाला बाजूला घेतलं.

"दादा, परत ने यांना."

"मालकानं सांगतलं म्हणून आणलं. मी काय माह्या मनानं आलो?"

"काकांचा बैल आहे तो."

"मले माहीत नाही काय?" तो म्हणाला. त्यानं हिरव्या शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "मांगं दोन जीपा हायेत. मी गेलो तर ते समोर येतीन. तूच सांग काय करू."

तेवढ्यात काका उतारावरून खाली आले. ते सकाळपासून वरच्या दगडावर खड्ड्याकडे पाठ करून बसलेले होते. अंगात कालचाच सदरा होता. त्यांना येताना बघून जीपमधल्या एकानं त्यांचाही फोटो काढला.

काकांनी दादाला विचारलं, "पाव्हणे कुठले?"

"हैदराबादचे, काका."

"दुरून आले म्हणा की. त्यायले सांग, आमच्या घरी मयत हाय. माती व्हायची हाय अजून. घरचं आवरलं की या म्हणावं, पाणी-चहा करू."

दादा जीपकडे गेला आणि हिंदीत म्हणाला, साहब, इनके घर में मैयत हो गई है, अभी मिट्टी नहीं हुई. पुढचं त्यानं काही सांगितलं नाही. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काकांकडे बघून हात जोडले आणि मुलांना कॅमेरे खाली ठेवायला लावले. कोण गेलं, असं त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, घरचंच. जीप वळली. मागची एक जीप त्याच्या मागोमाग गेली. तिसरी गेली नाही. ती दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी होती आणि वाघीण त्या वेळात बाहेर आली नाही. मग तीही गेली.

दादाला त्या दिवसाचे पैसे मिळाले नाहीत आणि मालकाचं बोलणं मिळालं. घरी येऊन त्यानं शर्ट काढून फेकला, आईनं उचलून भिजत घातला.

आता वाटतं, त्या गृहस्थांना वाघ बघायचा होता यात काय वाईट होतं? मलाही बघायचा होता. मला तर त्यासाठी मजुरी मिळत होती.

ती अजून थोडे दिवस तिथं होती. बैल बराच संपला. मग वरून निरोप आला की खदानीचं काम फार दिवस अडवता येणार नाही, रस्त्याच्या कामाला गिट्टी लागते, ट्रक उभे आहेत. बाबा सकाळी कामावर गेले. जाताना काकांच्या दारात थांबून म्हणाले, "बोलावलं हाय. जातो." काका म्हणाले, "जा ना. नाही म्हणून कुठं जाशीन?" दुपारी पहिला सुरुंग उडाला. गावाच्या पत्र्यांवर धूळ बसली, नेहमीसारखी.

दुसऱ्या दिवशी ती नव्हती. ठसे नाल्यानं नदीच्या बाजूला उतरलेले दिसले. मॅडम आणि मी माग काढत गेलो. नदीच्या अलीकडं सगळा खडक लागतो, तिथं माग संपला. पोटभर खाऊन ती आपणहून निघाली की सुरुंगाला घाबरून निघाली, आणि खडकावरून पलीकडं उतरली की काठाकाठानं शेतांकडं वळली, यातलं काहीच आम्हाला सांगता येईना. मॅडम उन्हात कमरेवर हात ठेवून पलीकडच्या काठाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, पलीकडचं राज्य दुसरं, दफ्तर दुसरं. आम्ही फोटो पाठवू. ते त्यांच्या फोटोंशी पट्टे जुळवून बघतील. वेळ लागतो.

मी घरी येऊन काकांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे माहीत नाही."

"नाही."

"बरं."

मॅडमनी परवानगी दिल्यावर काकांनी डाव्याचं जे उरलं होतं ते पोत्यात घातलं. हाडं, शिंगं, गळ्यातली घाटी, म्हणजे घंटा. धुऱ्यावर उजव्याच्या शेजारी खड्डा केला. ते नवं कापड आत घातलं, मीठ घातलं, माती लोटली. दगड मात्र ठेवला नाही. टेकडीवरून एक चांगला उभट दगड त्यांनी आणला होता, तो दाराजवळ भिंतीला टेकवून ठेवला. काकूनं विचारलं तर म्हणाले, "खबर येऊ दे." मला वाटतं त्यांना म्हणायचं असावं, ती कुठं तारेला लागून मेली असेल तर या बैलाला उगाच उघड्यावर ठेवला, मग त्याला कोणत्या तोंडानं दगड ठेवू. पण त्यांनी असं म्हटलेलं नाही. मी माझ्या मनानं लिहिलं.

पावसाळ्यात मी आदिलाबादला होस्टेलवर परत आलो. नदीला पाणी चढलं. गावाकडून फोन यायचा तेव्हा काका एकदा तरी विचारायचे, आणि मी मॅडमना विचारायचो. मॅडम म्हणायच्या, अजून काही नाही. नंतर नंतर काका विचारीनासे झाले, फोनवर यायचे आणि माझ्या जेवणाची चौकशी करून फोन आईकडे द्यायचे. तेव्हा मला जास्त त्रास व्हायचा. कधी पेपरात कुठल्या तरी शेतात तारेला लागून जनावर मेल्याची बातमी असायची. मी ती पूर्ण वाचायचो, नर की मादी ते बघायचो.

पोळ्याला घरी गेलो. गोठा रिकामा होता. काकूनं धुऱ्यावरच्या दगडांना नैवेद्य नेला. उजव्याच्या दगडाजवळ एक पुरणपोळी ठेवली आणि शेजारच्या नुसत्या मातीवर एक. भिंतीला टेकवलेल्या दगडामागं तोवर कोंबडीनं अंडी घालायला जागा केली होती.

खदानीचं काम टेकडीच्या आणखी वरच्या अंगाला सरकलंय. दादाची जीप हंगामात चालते, एरवी उभी असते. मॅडमची बदली होणार असं ऐकत होतो, मग झाली नाही.

परवा मेसमध्ये ताट घेऊन रांगेत उभा होतो तेव्हा फोन वाजला. मॅडमनी फोटो पाठवला होता. पलीकडच्या जंगलातल्या कॅमेऱ्यातला. एक वाघीण, कडेनं दिसणारी, पाणवठ्यावर. त्याच्या खाली आमच्या खदानीच्या खड्ड्यावरचा फोटो, आणि दोन्हीत उजव्या कुशीवरच्या पट्ट्यांवर लाल गोल काढलेले. पट्टे जुळतात, त्यांनी लिहिलं होतं. फोटो पाऊस लागायच्या आधीचा, ती इथून गेली त्यानंतर थोड्याच दिवसांतला. तिकडच्या दफ्तरात तो तेव्हापासून होता. जुळवायला आता वेळ मिळाला.

मी रांगेतून बाहेर आलो आणि काकांना फोन लावला. सांगितलं, "पोचली, काका. पलीकडं गेली ती."

"कव्हा?"

"तेव्हाच. आपण वाट बघत होतो तेव्हा ती तिकडंच होती."

त्यांच्या मागून क्रशरचा आवाज येत होता. मग त्यांनी फोन न ठेवताच काकूला हाक मारली आणि शेंदूर कुठं ठेवला म्हणून विचारलं.